पितळेचं टोपण

"मग गळतंय कुठनं?" वस्तादांनी विचारलं.

"तेच तर कळंना," सुकुमार म्हणाला. "सगळं करून झालं."

"सगळं म्हंजे?"

"जोडांमधली पॅकिंगं बदलली. ऑइल सील नवी टाकली. केसिंगचे बोल्ट पुन्हा आवळले. एका ठिकाणी डबल पॅकिंग घातलं, वरनं सोल्युशन फासलं. तरी गळतंय."

शेडच्या दारात एक जुना टायर आडवा टाकलेला होता, त्यावर वस्ताद बसले होते. समोर अंगणात ती काळी मोटारसायकल स्टँडवर उभी होती. इंजिनाखालच्या मातीत तेलाचा डाग हळूहळू पसरत होता.

भूपाल चौगुले त्यांचं नाव, पण शिरोळ भागात त्यांना सगळे वस्ताद म्हणत. तरुणपणी त्यांनी तालमीत अंग कमावलं होतं, नंतर सारा जन्म जुन्या मोटारसायकलींत गेला. जयसिंगपूरचं गॅरेज बंद करून आता ते गावाकडच्या शेतात राहत. बोलणं पहिल्यापासूनच कमी. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं सांगत, वस्तादांकडं पाने-पक्कड चालवायला शिकायच्या आधी गप्प बसायला शिकावं लागतं.

सुकुमार मगदूम पाने चालवायला शिकला होता. गप्प बसायला शिकायच्या आधीच तो बाहेर पडला आणि त्यानं कोल्हापुरात स्वतःचं गॅरेज काढलं.

त्याचं नावही झालं. भंगारात निघालेली गाडी तो अशी उभी करायचा की माणसं तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायची. पुण्याहून गिऱ्हाइकं यायची. गाडी ताब्यात देताना तो खिशातला पांढरा रुमाल काढायचा, इंजिनाखाली अंथरायचा आणि म्हणायचा, "रात्रभर राहू दे. एक थेंब जरी पडला, तर मगदूम नाव लावणार नाही."

थेंब पडायचा नाही.

पण ही गाडी दस्तगीर नदाफची होती.

दस्तगीर इचलकरंजीत गाद्या भरायचा. गाडी त्याच्या वडिलांची. मागं गाद्यांचं गाठोडं आणि गाठोड्यापुढं बायको, खैरून, असं दोघं बाजाराच्या गावांना जायचे. सुकुमारनं गाडी नवीकोरी करून दिली तेव्हा दस्तगीर तिच्याभोवती फिरून आला होता आणि त्याला बोलणं सुचलं नव्हतं.

नंतर गाडी गळायला लागली. सुकुमारनं दुरुस्त केली. पुन्हा गळाली. पुन्हा केली. शेवटच्या खेपेला दस्तगीर म्हणाला होता, "मागच्या चाकावर तेल दिसतंय हो." सुकुमार म्हणाला होता, "रस्त्यावरचं उडालं असेल. माझ्या गाडीतनं थेंब पडत नाही."

त्यानंतर घाटातल्या एका वळणावर मागचं चाक सुर्रकन सरकलं. दस्तगीरला खरचटलं. खैरूनच्या खुब्याचं हाड मोडलं.

हे सगळं सुकुमारनं वस्तादांना येताक्षणी सांगितलं होतं. घाईघाईत सांगितलं होतं.

"दस्तगीर काय म्हनला?" वस्तादांनी विचारलं.

"काही नाही."

"काई न्हाई?"

"टेम्पोत घालून गाडी आणली. गॅरेजपुढं उतरवली. टेबलावर किल्ली ठेवली… आणि गेला. मी म्हटलं तो भांडायला येईल. मी तयारीतच होतो. जोरात मारली असशील, ओझं जास्त असेल, सगळं बोलायचं ठरवून ठेवलं होतं. तो बघितलासुद्धा नाही माझ्याकडं."

"हं."

"शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, वस्ताद."

"बाई कशी हाय?"

"मिरजेला दवाखान्यात आहे."

"बघून आलास?"

सुकुमारनं गाडीकडं पाहिलं.

"म्हटलं… आधी गाडीचं काय ते बघू."

वस्ताद उठले. त्यांनी रॉकेलचा डबा आणि ब्रश त्याच्यापुढं ठेवला.

"धू."

"वस्ताद, हे मी केलंय. धुऊन, पावडर मारून बघितलंय."

"माझ्याम्होरं न्हाई केलंस."

सुकुमारनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. इंजिनाच्या पात्यांमधला, बोल्टांभोवतीचा, साखळीमागचा काळा चिकटा त्यानं घासून काढला. फडक्यानं पुसलं. धातू पुन्हा चमकायला लागला तशी त्याच्या चेहऱ्यावर थोडी कळा आली. हे काम त्याला आवडायचं.

इंजिन वाळल्यावर वस्तादांनी घरातून अंगाला लावायची पावडर आणली आणि त्यावर मुठीनं उडवली. इंजिन पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखं पांढरं झालं. यात गुपित काही नव्हतं. तेल जिथून बाहेर येतं तिथं पावडर आधी भिजते, आणि वाऱ्यानं ते कुठंही पसरलं तरी उगम सापडतो.

"कॅनॉलपातूर जाऊन ये. सावकाश."

सुकुमार जाऊन आला. गाडी उभी केली, उतरला आणि वाकून पाहिलं.

वरच्या झाकणाखाली काळी रेघ होती. केसिंगच्या जोडावर होती. किकच्या दांड्याशी होती. साखळीकडच्या सीलमधून तर तेल ओघळून मागच्या चाकाच्या दिशेनं उडालेलं होतं.

"कुठली आधी भिजली?" वस्तादांनी विचारलं.

"सगळ्याच दिसतात."

"एकदम?"

"एकदम."

वस्तादांनी पावडरीवरच्या रेघा एकेक करून पाहिल्या.

"सगळी पॅकिंगं एकदम गेली म्हणायची," सुकुमार म्हणाला.

"सगळी?"

"माल डुप्लिकेट येतोय, वस्ताद. बाजारात आता काही खरं राहिलं नाही. आणि सीलचं रबर बघा, आठ दिवसांत कडक होतं. पूर्वीसारखी वस्तू कुठं…"

"सुकुमार."

"…आणि तो दस्तगीर गाडी रेटतो पण लई. दोन माणसं, वर गाठोडं. मी त्याला सांगितलं होतं, जुन्या इंजिनाला जपून चालवायचं असतं. आता घाटात दुसऱ्या गिअरवर चढवली असेल, इंजिन तापलं असेल, मग पॅकिंग काय करणार? माझ्या बाकीच्या गाड्या बघा की. कुणाची तक्रार नाही. याचीच कशी…"

वस्तादांनी फडक्याला हात पुसले. ते जवळ आले, कानात काही सांगायचं असल्यासारखे. सुकुमारनं मान थोडी झुकवली.

त्याच क्षणी वस्तादांचा पंजा त्याच्या नाकातोंडावर बसला.

दुसरा हात मानेमागून आला आणि पकड पक्की झाली.

आधी सुकुमारला वाटलं, गंमत आहे. बोलता बोलता अर्धा श्वास छातीत राहिलेला होता, तो सोडायला त्यानं तोंड उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. त्यानं मान झटकली. म्हाताऱ्याचा हात हलला नाही. हाताला रॉकेलचा वास होता. सुकुमारचे डोळे मोठे झाले. वस्तादांचे डोळे समोरच होते, शांत, काहीतरी मोजल्यासारखे. कानात घंटा वाजायला लागली. छाती फुगून फुटेल असं झालं.

मग काय झालं ते त्याचं त्याला कळलं नाही.

त्याचं कोपर उठलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर बसलं.

वस्ताद मागं कोलमडले. रॉकेलचा डबा कलंडला. ते मातीत बसले ते बसलेच. ओठ फाटला होता. हनुवटीवरून रक्त खाली आलं आणि पांढऱ्या सदऱ्यावर टपकलं.

सुकुमार धापा टाकत उभा होता. त्यानं आपल्या कोपराकडं पाहिलं. मग वस्तादांकडं पाहिलं.

"वस्ताद…"

शिकत असताना ज्या माणसाच्या पायाला हात लावल्याशिवाय त्यानं कधी गाडीला हात लावला नव्हता, तो माणूस त्याच्या मारानं मातीत पडला होता.

तो गुडघ्यांवर बसला.

"वस्ताद, मी… माझा हात कसा उठला? मला मारायचं नव्हतं. देवाशपथ, मला मारायचं नव्हतं."

वस्तादांनी बाजूला थुंकलं. थुंकीत रक्त होतं.

"मारायचं कुनाला असतंय?" ते म्हणाले. "कुठनं तरी फुटायचंच."

सुकुमार त्यांच्याकडं बघत राहिला.

वस्तादांनी बोट वर केलं. बोट सुकुमारकडं नव्हतं, गाडीकडं होतं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, सिलिंडरच्या खाली, पितळेचं एक छोटं गोल टोपण उन्हात चमकत होतं.

सुकुमारनं ते पाहिलं.

ते टोपण त्याचंच होतं. लेथवर स्वतः कातलेलं, आट्या पाडलेलं, आरशासारखं पॉलिश केलेलं. पिस्टन खाली आला की इंजिनाच्या पोटातली हवा दाबली जाते. ती बाहेर जावी म्हणून बनवणाऱ्यानं तिथं एक नळी दिलेली असते. जुन्या गाडीत त्या नळीतून तेलकट वाफ येते, कधी एखादा थेंबही पडतो. तो थेंब सुकुमारच्या पांढऱ्या रुमालाला चालत नव्हता. म्हणून त्यानं नळी काढली आणि तिच्या जागी टोपण बसवलं. दिसायलाही देखणं दिसलं. लोक वाकून वाकून बघायचे. पुढं ती त्याची खूणच झाली. पितळेचं टोपण दिसलं की गाडी मगदूमची.

"चालू कर," वस्ताद जमिनीवरूनच म्हणाले.

सुकुमारनं किक मारली. पहिली चुकली. दुसऱ्या किकला इंजिन धडधडलं.

"काड त्ये."

त्यानं पान्यानं टोपण सैल केलं. शेवटची आटी सुटताच ते त्याच्या बोटांतून उडालं आणि अंगणात जाऊन पडलं. मागोमाग कोंडलेली हवा फुस्सकन बाहेर आली. त्यानं तळवा धरला. हवेचा तेलकट, कोमट झोत हातावर येत राहिला. येत होता, थांबत होता. येत होता, थांबत होता.

अगदी माणसाच्या नाकापुढं हात धरावा तसा.

त्यानं इंजिन बंद केलं. शेतात कुठंतरी मोटर चालू होती, तिचा आवाज तेवढा राहिला.

"मी तिला…" तो म्हणाला. "मी स्वतःच…"

वस्ताद उठायची खटपट करत होते. त्यानं हात दिला. त्यांनी तो घेतला.

"आधी पॅकिंग," ते म्हणाले. "रडायचं मागनं."

त्यांनी सदऱ्याचं टोक ओठाला दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं पाने पुढं केले. सुकुमारनं जोड उघडले. आत त्यानंच फासलेल्या सोल्युशनचे गोळे होते. ते खरवडून काढले. दोन ठिकाणी बोल्ट इतके आवळलेले होते की कडा दबल्या होत्या. त्या कानशीनं हलक्या हातानं सपाट केल्या. एकेक पॅकिंग घातलं, डबल नाही. साखळीकडचं सील ताणून फाटलं होतं, ते नवं टाकलं. बोल्ट आवळताना त्याचा हात सवयीनं शेवटचा जोर लावायला गेला.

"बास," वस्ताद म्हणाले.

तो थांबला.

मग टोपणाच्या जागी नळी बसवली. रबराचा पाइप मागून खाली नेला आणि टोकाला औषधाची एक रिकामी बाटली बांधली. मागचा टायर साबणाच्या पाण्यानं घासून घेतला.

पुन्हा पावडर. पुन्हा कॅनॉल.

तो परत आला तेव्हा इंजिन पांढरंच होतं. सगळ्या जोडांवर पांढरंच. बाटलीच्या तळाशी मात्र तपकिरी ओल दिसत होती.

"हे पडत राहणार?" त्यानं विचारलं.

"जुनी गाडी हाय," वस्ताद म्हणाले.

सुकुमार हात धुवायला शेडमधल्या पिंपाकडं गेला. तिथं कोपऱ्यात वस्तादांची स्वतःची मोटारसायकल होती. गॅरेज नावारूपाला आलं तेव्हा सुकुमारनं ती गुरुदक्षिणा म्हणून नवी करून दिली होती. सगळ्यात चकचकीत टोपण त्यानं या गाडीला लावलं होतं.

तो धावत जाऊन वाकला.

टोपण नव्हतं. तिथं जुनीच नळी होती, तारेनं बांधलेली.

तो तसाच वाकून राहिला. मग सावकाश वळला.

"वस्ताद… हे तुम्ही काढलंत?"

"व्हय."

"कधी?"

"तू दिलीस, त्याच्या दुसऱ्या दिशी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

वस्तादांनी ओठावरचं सदऱ्याचं टोक काढून पाहिलं.

"तुम्हाला ठाऊक होतं आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं."

"कधी सांगितलंत?"

"तुझ्या ग्यारेजात आलतो. टोपान हातात घिऊन."

सुकुमारला तो दिवस आठवला. गॅरेजात माणसं भरली होती. त्यानं वस्तादांना खुर्चीवर बसवून हार घातला होता, सगळ्यांना त्यांची ओळख करून दिली होती. त्यांच्या हातात काय होतं ते त्याला आठवेना.

"मग? काय म्हणालात तुम्ही? मला एक शब्द आठवत नाही."

"तू बोलत हुतास."

"बोलत होतो?" सुकुमारचा आवाज चढला. "मी बोलत होतो म्हणून तुम्ही तसेच परत आलात? ओरडायचं होतंत! चारचौघांत कानाखाली मारायची होती! आज नाक दाबलंत, तेव्हा का नाही दाबलंत? तेव्हा दाबलं असतंत तर त्या बाईचं हाड…"

तो थांबला. आपण कुणापुढं ओरडतोय हे त्याच्या ध्यानात आलं. पण शब्द तोंडातून सुटले होते.

वस्तादांचा चेहरा उतरला. फाटलेला ओठ हलला, पुन्हा मिटला. त्यांनी टायरवर बसून घेतलं. एवढा वेळ जे वय त्यांच्या अंगावर दिसत नव्हतं, ते एकाएकी दिसायला लागलं.

"व्हय," ते म्हणाले. "तेवढा दोष माज्याकडं."

सुकुमारला वाटलं होतं, ते रागावतील. नाहीतर काही समजावतील. ते नुसते बसून राहिले.

तो वाकला, त्यांच्या पायाला हात लावला आणि निघाला. दस्तगीरची गाडी आणि किल्ली त्यानं तिथंच ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं गॅरेज बंद ठेवलं.

ज्या ज्या गाडीला टोपण लावलं होतं, त्या त्या मालकाच्या दारात तो गेला. सांगलीला गेला, कराडला गेला, निपाणीला गेला. सोबत नळ्या, पॅकिंगं, पाने. दारात गेला की म्हणायचा, "नवीन पद्धत आलीय. तुमच्या गाडीला करून देतो, दहा मिनिटांचं काम." माणसं आनंदानं गाडी बाहेर काढायची.

कराडचा एक तरुण हिरमुसला. "एवढी शोची वस्तू, तीच काढताय व्हय?" म्हणाला. सुकुमारनं ती काढली.

निपाणीत एक वकील होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. "गाडी हल्ली आमची मुलगीच वापरते," ते कौतुकानं म्हणाले. "कॉलेजला चिकोडीला जाते रोज. मोठा रस्ता आहे, पण हात चांगला आहे पोरीचा."

सुकुमार गाडीमागं बसला. सवयीनं मागच्या टायरवर बोट फिरवलं.

बोट काळं, ओलं निघालं.

टायरची सगळी डावी कड तेलानं चमकत होती.

तो त्या बोटाकडं बघत बसला. तेवढ्यात दारातून मुलगी आली. पाठीला बॅग, हातात हेल्मेट.

"काका, झाली का गाडी? मला निघायचंय."

तो उठला. त्यानं हात आडवा केला.

"आज नको," कसंबसं म्हणाला. "आज… आज बसनं जा, बाळ."

"का? काय झालंय?"

"काही नाही. काम जरा मोठं आहे."

मुलगी कुरकुरत बसस्टँडकडं गेली. ती वळणाआड होईपर्यंत तो बघत राहिला. मग खाली बसला आणि काम केलं. सील बदललं, टायर तीनदा धुतला. वकील शेजारी उभे होते.

"कमाल आहे हो तुमची," ते म्हणाले. "गाडी देऊन इतके दिवस झाले, तरी आपण होऊन आलात. कोण येतं हल्ली! अशी माणसं राहिली नाहीत."

सुकुमारनं मान खाली घातली. वकिलांना ती नम्रता वाटली. त्यांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला.

परतीच्या वाटेवर ते काळं बोट डोळ्यांपुढनं हलेना; त्याला दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली.

शेवटची गाडी झाल्यावर तो पुन्हा वस्तादांच्या शेतावर आला. दुपारची वेळ होती. वस्ताद शेडच्या दारात एक साखळी रॉकेलात बुडवत होते. ओठावर खपली धरली होती.

सुकुमारनं कापडी पिशवी त्यांच्यापुढं उलटी केली. पितळेची टोपणं खणखणत मातीत पडली. एक घरंगळत लांब गेलं.

"सगळी काढली," तो म्हणाला. "एक पण ठेवलं नाही."

त्याच्या आवाजात थोडी पहिल्यासारखी ताठी आली होती.

वस्तादांनी एक टोपण उचललं. बोटानं त्याच्या आट्या पाहिल्या. उन्हाकडं धरून कड पाहिली.

"काम झ्याक केलयस," ते म्हणाले. थट्टा नव्हती. खरंच झ्याक होतं.

सुकुमारनं लांब घरंगळलेलं टोपण उचलून आणलं.

"लोकास्नी काय सांगितलंस?"

"…नवीन पद्धत आलीय म्हणून."

वस्तादांनी टोपण खाली ठेवलं. साखळी पुन्हा रॉकेलात बुडवली. वर काढली. पुन्हा बुडवली.

"एका ठिकाणी," सुकुमार आपणच सांगायला लागला, "एका ठिकाणी माझे हात धरून आभार मानले, वस्ताद. त्यांची पोरगी रोज त्या गाडीवर… टायर तेलानं भरला होता. अजून आठ दिवस गेलो नसतो तर… आणि ते माझे आभार मानत होते. आणि मी ते घेतले."

साखळी डब्यात गेली.

"आन् ती बाई?" वस्तादांनी विचारलं.

सुकुमारनं टोपणं पुन्हा पिशवीत भरायला घेतली.

"मिरजेला गेलास?"

"नाही."

"सांगली केलीस, निपाणी केलीस. मिरज वाटंतच हाय."

"हो."

"म्या जाऊन आलो," वस्ताद म्हणाले.

सुकुमार चमकला. "तुम्ही? कधी? कसे?"

"यष्टीनं."

"त्यांना… काय सांगितलंत तुम्ही?"

"टोपनाचं. मला ठावं हुतं त्येबी."

सुकुमार टायरच्या कडेला टेकला.

"मग? काय म्हणाल्या?"

"लई येळ काई न्हाई. भिंतीकडं त्वांड करून पडून व्हती. दस्तगीर उठून भाईर गेला. म्या बसून ऱ्हायलो. मग बोलाय लागली."

"काय?"

वस्तादांनी मान हलवली. ते आपण सांगायचं नाही, अशी.

"रागावल्या?"

वस्तादांनी साखळी वर काढून निथळू दिली.

"माफ केलं?"

वस्ताद म्हणाले, "निघताना इच्यारलं तिनं. त्यो कवा येनार म्हनून."

आंब्याच्या सावलीत दस्तगीरची गाडी उभी होती. कुणीतरी रोज पुसत असावं. इंजिनाखालची माती कोरडी होती.

सुकुमार तिच्याकडं बघत राहिला. कितीतरी वेळ. मग त्याच्या खांद्यांनी उसळी घेतली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो रडला. वस्तादांनी त्याला थांबवलं नाही. साखळी मात्र बाजूला ठेवली.

रडणं ओसरल्यावर त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"जायला पाहिजे," तो म्हणाला. "कळतंय मला. पण वस्ताद… मी सांगितलं होतं, रस्त्यावरचं उडालं असेल. दस्तगीरला सांगितलं, तिनंही ऐकलं असणार. आता तिच्यापुढं उभा राहून काय सांगू? काय बोलू? मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

वस्तादांनी गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"त्वांड कशाला?" ते म्हणाले. "कान घिऊन जा."